शरयूआजींचा अमेरिकन परवचा

मित्रांनो, माझ्यासारखे यंत्र तुमच्यापैकी अनेकांनी अडगळीतच पाहिले असेल. मी एक म्हातारा टेपरेकॉर्डर. माझा एक स्पीकर केव्हाच फुटला आहे. न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, एका स्वयंपाकघरातल्या फळीवर मी राहतो.

माझा जन्म मलेशियातल्या कारखान्यात झाला. शेजारच्या पिस्कॅटवे गावी शिकायला आलेल्या प्रसन्नने मला जुन्या बाजारातून आणले. त्याच्या खोलीत मी दिवसभर गात असे आणि त्याचे मित्र माझा आवाज वाखाणत. पुढे त्याला नोकरी लागली, सुलेखाशी लग्न झाले, घरात सीडी प्लेअर आला आणि मी कपाटात गेलो.

२००६ साली मला पुन्हा बाहेर काढले ते प्रसन्नच्या आईसाठी. शरयूआजी ग्रीन कार्डावर मुलाकडे राहत होत्या. त्यांची थोरली बहीण अहिल्या नागपूरला अंथरुणाला खिळली होती. तिला मूलबाळ नव्हते. आजींना तिच्याजवळ जाऊन राहायचे होते, लागेल तितके दिवस. पण ग्रीन कार्ड असलेले माणूस वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिले तर परतीची वाट बंद होऊ शकते, आणि मुलगा, नात इकडेच राहतात. नागरिक झाले की ती भीती नाही. त्यासाठी अमेरिकेचा इतिहास आणि राज्यकारभार यांवरची तोंडी परीक्षा द्यायची होती, तीही इंग्रजीत. शंभर प्रश्न आधीच ठाऊक असत. त्यांतले कोणते विचारणार, ते मात्र नाही.

नात इला हिने सगळे प्रश्न आणि उत्तरे आपल्या आवाजात माझ्या कॅसेटवर भरली. रोज संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की आजी माझे बटण दाबत. लहानपणी त्या आणि अहिल्या पाढ्यांचा परवचा म्हणत, अगदी त्याच ठेक्यात त्या ध्वजाच्या रंगांपासून सुरुवात करीत. डोळे मिटलेले, मांडीवर बोटांचा ताल. शेवटपर्यंत एक चूक नाही. घरच्यांना वाटले, आता काळजी नाही.

परीक्षेहून आल्यावर आजी थेट स्वयंपाकघरात आल्या. मग त्यांनी सुलेखाला सगळे सांगितले. अधिकारी बाईंनी सुरुवातीलाच विचारले, सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती? ते उत्तर परवच्यात पार पुढे होते. आजी मनातल्या मनात ध्वजाच्या रंगांपासून निघाल्या. बाई थांबल्या, मग त्यांनी हळूच दुसरा प्रश्न घेतला. आजी पुन्हा पहिल्यापासून निघाल्या. असे करता करता त्या नापास झाल्या.

"पण आई, तुम्हाला येत होतं ना?" सुलेखाने विचारले.

"येत होतं गं. तिथवर पोचता आलं नाही."

मला हे चटकन कळले. माझ्या फितीलाही मधल्या जागी जायचे तर आधीच्या सगळ्या जागा ओलांडाव्या लागतात. यंत्राचे ते चालून जाते.

अजून एक संधी होती. "आजी, नो मोअर टेप," असे म्हणून इलाने माझी वायर काढली. मग ती पोळ्या लाटताना विचारी, ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात भेंडी निवडताना विचारी, कुठलाही प्रश्न, कुठूनही. आजींचे ओठ हलू लागले की म्हणे, "यू आर डूइंग इट अगेन." हळूहळू उत्तरे थेट येऊ लागली. प्रसन्नचा मित्र श्रीराम एकदा थट्टेने म्हणाला, "काकू, प्रेसिडेंट होणार की काय?"

"नाही होता येत रे. जन्म इथला लागतो," आजी पोळी उलटता उलटता म्हणाल्या. सगळे हसले. मीही फळीवर सुखावलो.

त्याच आठवड्यात अहिल्येची शेजारीण लता हिचा फोन आला. डॉक्टरांनी आशा सोडली होती.

प्रसन्नने परोपरीने समजावले. परीक्षा तोंडावर आली आहे, आता चुकली तर अर्ज बाद होईल, सगळे पहिल्यापासून करावे लागेल. शेवटी म्हणाला, "बरं, जा. पण टेस्टच्या आत परत ये."

"आणि अहिल्येला काय सांगून निघू? माझी परीक्षा आहे म्हणून?"

प्रसन्नने तिकीट काढले.

परीक्षेचा दिवस आला आणि गेला. आजी तेव्हा नागपुरात बहिणीच्या उशाशी होत्या. अर्ज बाद झाला. अहिल्या मात्र डॉक्टरांचा अंदाज खोटा ठरवून अजून आहे. तिला उठवत नाही, पण शरयू खोलीबाहेर गेली की ती हाका मारते, असे आजी फोनवर सांगतात. आता ग्रीन कार्डाचे ते वर्ष भरत आले आहे. तू कधी येणार, हे प्रसन्न विचारीत नाही, आणि आजीही तो विषय काढत नाहीत. फोन ठेवला की सुलेखा उगीचच ओटा पुसत राहते.

मित्रांनो, माझ्याजवळ सगळी उत्तरे आहेत, पण समोरचा अडखळला तर थांबणे मला जमत नाही. तुमच्या घरी एखादे वडीलधारे माणूस या वयात काही नवे शिकत असेल, तर त्याच्या हाती यंत्र देऊन निघून जाऊ नका. शेजारी बसा. पहिल्याच दिवसापासून बसा.