परवानगीची लदीन

“माय, गावली गो परवानगी!” मोबाइलच्या पडद्यावर मेल्रॉयचा चेहरा मावत नव्हता.

सेलेस्तीनने शिवायला घेतलेला झगा मशीनवरच टाकला आणि छातीवर खुरसाची खूण केली. पावसाळ्याच्या आधीपासून ती याच फोनची वाट बघत होती.

मेल्रॉय जर्मनीत एका गोदामात नोकरीला होता. हात मात्र व्हायोलिनचे. तिथल्या लग्नांत, सणासमारंभांत वाजवावं असं त्याच्या फार मनात होतं. पण परदेशी माणसाने नोकरी सांभाळून स्वतःचा व्यवसाय करायचा तर आधी सरकारी परवानगी हवी. ती मिळावी म्हणून सेलेस्तीनने वाडीतल्या खुरसाला, म्हणजे क्रुसाला, लदीन बोलली होती. खुरसापुढे मेणबत्त्या लावून सगळ्यांनी प्रार्थना गायची आणि मग उकडलेले चणे वाटायचे, असा तो नवस.

तिचा हिशोब साधा होता. नवऱ्याचा जन्म शाळेत शिपाईगिरी करण्यात गेला; सख्ख्या बहिणीच्या लग्नाच्या रजेसाठीही त्याला हेडमास्तरांपुढे डोकं खाजवत उभं राहावं लागलं. उलट तिचा भाऊ कॉस्मे टेलर! मनात आलं की दुकानाला कुलूप ठोकून कुणकेश्वरच्या जत्रेलासुद्धा पळायचा, आणि गिऱ्हाईकं बिचारी पायजम्यासाठी ताटकळत राहायची. स्वतःचा धंदा म्हणजे आपणच आपले मालक, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मेल्रॉय मालक झाला की नाताळाला घरी येणारच.

“मगे नाताळाक येतलस मा?”

“नाताळात तर माका रोज वाजवक बोलवलेला आसा, माय.”

“आनी मागीर? आता तुझो धंदो झालो. नोकरी सोड. रजा कोणाक मागूची?”

मेल्रॉय हसला. “नोकरी सोडलंय तर हयसर रवाक गावाचा नाय गो. नोकरी आसा म्हणान रवाचो परवानो आसा. आठवडोभर गोदाम, शनिवार-आयतवार वायोलिन. रजा गावली तरी वाजवकच जातली.” मग त्याने विचारलं, “तू खूश आसस मा?”

“व्हय रे पुता. खूप.”

फोन बंद झाल्यावर तिने झगा पुन्हा सुईखाली घेतला. आपणच मागितलं आणि नेमकं तेच मिळालं, तर तक्रार करायची कुणाकडे? लेकाला एकदा डोळे भरून बघावं म्हणून तिचा जीव कासावीस झाला.

पण नवस तो नवस. रविवारी संध्याकाळी खुरसापुढे लदीन झाली. मेल्रॉय गावात होता तोवर लदीनीला त्याचं व्हायोलिन असायचं. आज कॉस्मेने सूर धरला, तो नको तितका वर, आणि त्याच्यामागून फरफटत जाताना सगळ्यांची दमछाक झाली.

चणे वाटून झाल्यावर शेजारची शेवंती जवळ सरकली. “सेलेस्तीनबाय, तुमचो खुरीस पावता हा! आता झील घराक येवंदे म्हणान बोल. मी पण हात जोडतंय.”

सेलेस्तीन खुरसापुढे उभी राहिली. आपण बोललो तर तो येईल, याबद्दल तिला शंकाच नव्हती. नोकरी जाईल, परवाना जाईल, आणि मेल्रॉय दारात येऊन उभा राहील. तिला त्याचीच भीती वाटली. मग तिचे ओठ हलले.

“बोललस?” शेवंतीने विचारलं.

“थंय थंडी खूप आसता म्हणता,” सेलेस्तीन म्हणाली. “त्याची बोटां बरी रवांदेत, म्हणान बोललंय.”