राखाडी पट्ट्यावरची झडप

नवऱ्याने वरच्या मजल्यावर घरगुती थिएटर करायचं ठरवलं, तेव्हाच मी कपाळाला हात लावला होता. प्रोजेक्टर आला आणि पडदा कशाचा करायचा यावर घरात खल सुरू झाला. म्हणजे खल तो एकटाच करत होता, मी ऐकत होते. शेवटी त्याने चार कापडांचे लांब पट्टे आणून भिंतीवर शेजारी शेजारी ताणून बसवले. एक पांढरं सुती, एक जाड पडद्याचं अस्तर, एक चंदेरी आणि एक राखाडी. राखाडी बघून मी विचारलं, "हे फरशी पुसायला आणलंय का?" तो हसला नाही. पडद्याच्या बाबतीत त्याला चेष्टा खपत नाही.

भर दुपारी खिडक्यांना पुठ्ठे लावून अंधार केला. मला कडेच्या खुर्चीवर बसवलं, कारण कडेने चित्र कसं दिसतं हे कुणीतरी सांगायला हवं. मधल्या खुर्चीवर माझा मोठा भाऊ, कारण तो तिथून उठतच नव्हता.

दादा पोहायला शिकवायचा. भित्र्यातल्या भित्र्याला पाण्यात उतरवण्यात त्याचा हातखंडा. मग त्याच्या हृदयातली एक झडप बिघडली, ऑपरेशन करून नवी बसवली आणि विश्रांतीसाठी तो आमच्याकडे आला. आता हिंडा-फिरा, जिने चढा-उतरा, असं डॉक्टर बजावून सांगत होते. पण दादा जीव मुठीत धरून बसलेला. खाली उतरायचं नाव नाही, जेवणाचं ताटही वरच. हसू आलं तरी आवरायचा, जणू ठोके मोजून मिळालेत आणि उधळले तर संपतील. मी समजावून पाहिलं, चिडले, त्याच्यासमोर रडलेही. दादा वाचला खरा, पण आमचा आधीचा दादा काही परत येत नाही, ही भीती मला आतून खात होती.

नवऱ्याने आधी एका सिनेमातलं रणरणतं ऊन लावलं. पांढऱ्यावर झकास दिसलं, चंदेरीवर डोळे दिपले.

"चंदेरी कशी वाटते?" त्याने विचारलं.

"तुझ्या जागेवरून छान असेल. माझ्याकडून अर्धं चित्र विझलंय."

"बरं, आता काळोख बघू," म्हणत त्याने टेबलावरचा पेनड्राइव्ह लावला. नेमका भलताच उचलला होता. तो हॉस्पिटलने दिलेला, ऑपरेशननंतर काढलेल्या दादाच्या हृदयाच्या सोनोग्राफीचा.

भिंतभर दादाचं हृदय उमटलं.

पांढऱ्या पट्ट्यावर नुसता राखेचा धुरळा दिसत होता, चंदेरीवर दिव्याचा मोठा डाग. राखाडीवर मात्र काळं ते काळंच राहिलं आणि त्या काळ्यात ती झडप दिसली. पातळ पाकळ्या, माणसाच्या उंचीच्या. उघडत होत्या, मिटत होत्या. कुठे घाई नाही, कुठे चूक नाही. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं.

नवरा ओशाळून बंद करायला धावला.

"थांबा, मेहुणे," दादा म्हणाला. "हे माझं?"

"हो. चुकून लागलं."

दादा खुर्चीत पुढे सरकला. "मी इथे काळजी करत बसलोय," तो हळूच म्हणाला, "आणि हे बघा, आपलं काम करतंय. मला विचारतसुद्धा नाही."

आम्ही तिघं बघतच राहिलो. पडदा, कापड, सगळं नवरासुद्धा विसरला होता.

आणि चित्रफीत संपली. पाकळ्या अर्ध्या उघड्या असतानाच चित्र जागच्या जागी थिजलं. नवरा अंधारात रिमोट चाचपडू लागला. दादाकडे बघायचा मला धीर होईना, तरी बघितलं.

त्याचा हात छातीवर होता. नजर त्या थांबलेल्या झडपेवर, आणि लक्ष सगळं तळहाताखाली. बराच वेळ तो तसाच होता.

"परत लावतो, दादा," नवरा म्हणाला.

"राहू द्या," दादा म्हणाला. "इथे चालू आहे."

मग तो उठला. झोतातून जाताना झडप त्याच्या सदऱ्यावर पडली आणि पुढे गेल्यावर पुन्हा राखाडी कापडावर. त्याने दार उघडलं.

"कुठे निघालास?" मी विचारलं.

"खाली. चहा टाकतो. तुम्ही कापडं बघा."

मी उठणार होते, पण नवऱ्याने माझा हात धरून ठेवला. जिन्यावर पावलं वाजली. मध्ये एकदा थांबली, तेव्हा आम्ही दोघांनी श्वास रोखला. पुन्हा सुरू झाली आणि शेवटपर्यंत गेली. थोड्या वेळाने खालून भांड्यांचा आवाज आला.

"खरंच चहा करतायत," नवरा म्हणाला.

"करू दे," मी म्हटलं, आणि त्या अंधारात मनसोक्त रडले.