सातने सुरू होणारे सगळे कॉल

बाळंतपणाच्या रजेनंतरचा माझा तिसरा सोमवार. आठवड्यातले तीन दिवस घरून काम करू द्यावं, हा माझा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून होता. ते म्हणाले होते, "अकराची बैठक नीट पार पडू दे, मग सही करतो."

बैठक म्हणजे काय, तर सहा शाखांचे व्यवस्थापक आपापल्या गावाहून व्हिडिओवर येणार आणि साहेब मोठ्या पडद्यासमोर बसून त्यांच्यावर ओरडणार. कोणाचा कॉल कुठे पोचवायचा, त्या नियमांची यादी माझ्या ताब्यात. यंत्र ती वरून खाली वाचतं आणि जो नियम आधी लागू पडेल तोच पाळतं. खालच्यांकडे ढुंकूनही बघत नाही. आमच्या घरात पहिला शब्द सासूबाईंचा असतो, त्यामुळे मला ही पद्धत समजायला वेळ लागला नव्हता.

रविवारी दुपारी ठमीला, म्हणजे आमच्या नऊ महिन्यांच्या लेकीला, झोपवता झोपवता मी कॉलचा नवा मार्ग तपासायला बसले. घरच्या टॅबला एक नंबर दिला आणि यादीच्या अगदी वर तात्पुरता नियम टाकला. एक हात थोपटण्यात अडकलेला, म्हणून दुसऱ्याने पूर्ण नंबर न लिहिता नुसता सात लिहिला: सातने सुरू होणारा कॉल घरी पाठव. टॅब खणखणीत वाजला. ठमी खडबडून उठली. तिला उचललं, उगी केलं, खिडकीतले कावळे दाखवले आणि नियम पुसायचा तेवढा राहिला.

बैठकीचा नंबर सातनेच सुरू होतो.

सोमवारी अकराला पडदा काळाठिक्कर.

"कुठे गेले सगळे?" साहेबांनी विचारलं.

मी नोंदी उघडल्या. सगळं कसं शिस्तीत. कॉल जुळण्याआधी यंत्रं एकमेकांशी बोलून घेतात, आहात का, आहे, उचलताय का, उचललं. तसं सहाही ठिकाणी झालं होतं. फक्त उचललं होतं आमच्या घराने.

नियम लगेच पुसला. पण लागलेले कॉल त्याने परत थोडेच येणार? सासूबाईंच्या मोबाइलवर रिंग दिली, त्यांनी उचलला नाही. शेवटी देवाचं नाव घेऊन मोठ्या पडद्यावरूनच घरच्या टॅबचा नंबर लावला.

"आता आलीस होय," सासूबाई कुजबुजल्या. "थांब, तुलाही आत घेते."

तिन्ही बहिणींना एकाच कॉलवर जमवायचा त्यांना दांडगा सराव. अधिकचं बटण दाबलं आणि पडद्यावर सहा व्यवस्थापक उमटले, वर्गात बाईंनी दटावलेल्या पोरांसारखे. मधोमध सासूबाई, खांद्यावर झोपलेली ठमी.

साहेबांनी तोंड उघडलं.

"हळू," सासूबाई म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय तिचा. मघाशी हे दोघं भांडत होते, त्यांना गप्प बसवलंय. तुम्ही कोण?"

"मी... हिचा साहेब."

"मग उजेडात बसा की. तोंड दिसत नाही तुमचं."

साहेबांनी स्वतः उठून दिवा लावला.

बैठक कुजबुजत झाली. "माल का पोचला नाही?" हे कुजबुजून विचारलं की रागवल्यासारखं वाटतच नाही, चौकशी केल्यासारखं वाटतं. त्यामुळे एका व्यवस्थापकाने पहिल्यांदाच खरं सांगून टाकलं, "पत्ता मीच चुकीचा लिहिला होता." चौथ्या शाखेवाल्याला मध्येच ठसका लागला, तेव्हा सासूबाईंनी त्याला कोमट पाणी प्यायला लावलं आणि तोवर सगळे थांबले. दोन तासांची बैठक पस्तीस मिनिटांत आटोपली.

"चूक माझी आहे," मी साहेबांना सांगितलं. "तपासणीचा नियम पुसायचा राहिला. घाईत एका हाताने लिहिला होता."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, अर्ज ओढला, सही केली. "तीन दिवस घरून," ते अजून कुजबुजतच होते. मग त्यांनी घसा खाकरला. "पण तपासणी इथे येऊन करायची. दोन्ही हातांनी."

घरी गेल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माणसं चांगली आहेत गं तुझी. पण पुढच्या वेळी कळवून येऊ देत. मी गाउनवर होते."

पुढच्या सोमवारी मी घरून काम करत होते. अकराला पाच कमी असताना सासूबाई बाहेर आल्या. केस नीट विंचरलेले, इस्त्रीचे कपडे, कडेवर ठमी. टॅब समोर उभा करून बसल्या. सव्वाअकरापर्यंत बसल्या.

"आज ते तिकडेच भेटतायत, आई," मी म्हटलं. "तो नियम काढला मी."

"का? मी काही लागेल असं बोलले का त्यांना?"

"नाही हो," म्हणत मी नोंदी उघडल्या. सहाही कॉल योग्य जागी पोचलेले, एकही चूक नाही. इतकी बिनचूक यादी बघून मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

बारा वाजता टॅब वाजला. नियम गेला होता, पण टॅबचा नंबर तसाच होता, आणि गेल्या सोमवारी तो सहाही जणांच्या पडद्यावर दिसला होता.

पडद्यावर चौथ्या शाखेवाला. हातात वाफाळता पेला.

"झोपलंय का बाळ?" तो कुजबुजला.

"जागी आहे," सासूबाई म्हणाल्या. "बोला मोकळेपणाने. खोकला काय म्हणतोय?"