बिनचेहऱ्याचा बाप

पेपरात सिनेमाची परीक्षणं लिहिणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे कात्री म्हणत. त्यांनाही ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला. कागदावर मधोमध रेघ मारायची, डावीकडे जमेच्या बाजू, उजवीकडे उणिवा, आणि शेवटी नावं झळकायच्या आत उठायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. ओळखीचं नाव दिसलं की हात आखडतो म्हणे.

त्या दुपारी समोर ॲनिमेशनपट होता. गोष्ट अशी नाहीच, सगळा स्वप्नाचा कारभार. घरात पाणी भरतं, जिना ढगात जातो, दोरीवरचे कपडे पक्षी होऊन उडतात. डावी बाजू भराभर भरली: रंग, संथ लय, पाण्याचा आवाज. उजवीकडे लिहिलं की मध्यंतरानंतर भरकटतो. शिवाय घरातल्या बापाला चेहराच नाही, मेला कायम पेपराआड. ‘चित्रकाराचा आळस’ असा शेरा मारून कात्रींनी खाली दोन रेघा ओढल्या.

मग पडद्यावरची बाई कपडे वाळत घालू लागली आणि कात्री खुर्चीत पुढे सरकले. बाई दातांत चिमटा धरून बोलत होती. हात ओले म्हणून खिडकी कोपराने लोटत होती. अगदी त्यांच्या बायकोसारखी, आणि बायको जाऊन सहा वर्षं झाली होती.

हे त्या दिग्दर्शकाला कुठून कळलं? परक्यासमोर ती कधी कपडे वाळत घालायची नाही. आपण दिवसभर थिएटरात नाहीतर कचेरीत. मागे घरी कोण यायचं-जायचं, कुणी पाहिलंय? मुलीला फोन करावा, तर काय तोंडाने विचारणार? ती बिचारी लग्नानंतर कुठेशी चित्रं काढायची नोकरी करते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. संशयाने डोकं पोखरून काढलं. बायकोवर असा संशय घेताना त्यांना स्वतःची लाज वाटली, पण पाय स्टुडिओकडेच वळले.

दिग्दर्शक तिशीचा, गोल चष्म्याचा, निघाला. वयाचा हिशेबच जुळेना. तरी कात्रींनी विचारलं, “ती बाई तुमच्या ओळखीची कशी?”

तो गोंधळला. “साहेब, नावं नाही वाचलीत? घरातली सगळी माणसं तुमच्या मुलीने काढलीत. मला वाटलं, म्हणूनच आलात.”

मुलगी आतल्या खोलीत टेबलाशी वाकून बसली होती. बाबांना बघून उठली, खुर्ची पुढे केली, पाणी आणलं. त्यांच्या हातातला कागद घेऊन तिने दोन्ही बाजू सावकाश वाचल्या. आईविषयी मनात काय आलं होतं ते सांगायची कात्रींची छाती झाली नाही. कुठून तरी सुरुवात करायची म्हणून ते म्हणाले, “तोंड का नाही काढलंस त्या बापाचं?”

“काढलं होतं बाबा. चारदा काढलं, चारदा खोडलं. फोटो बघून काढलं तर खोटं वाटायचं.” तिने कागद त्यांना परत दिला. “घरी तुम्ही मान वर करून बघितलेलं मला आठवतच नाही.”

ती उत्तराची वाट बघत उभी राहिली, आणि कात्री हातातला कागद वाचत बसले.