चौऱ्याऐंशीला टाळ्या

त्या दिवसांत एकमेकांपासून लांब उभे राहा, असे सरकार रोज सांगत होते. म्हणून फुंकरबाबांच्या दालनात जमिनीवर पांढरे गोल आखले होते आणि एकेका गोलात चार-चार माणसे उभी होती. मास्क सगळ्यांनी लावले होते. कुणी हनुवटीला, कुणी एका कानाला.

दालन म्हणजे पूर्वीचे कापडाचे दुकान. टाळेबंदीत ते बुडाले आणि बाबांनी भाड्याने घेतले. भिंतींवरचे मोठे आरसे तसेच राहिले होते, त्यामुळे शंभर भक्त आले की दोनशे दिसत. बाबांची निम्मी कीर्ती काचेची होती.

बाबा जुन्या वळणाचे नव्हते. राख नाही, ताईत नाही, अंगात येणे नाही. त्यांचा चमत्कार बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या यंत्रावर दिसे. आणि यंत्रही बाबांचे नसे.

"आपापलं यंत्र घरून आणा!" दारातला पैलवान माईकवर ओरडे. "नंतर म्हणू नका, बाबांनी यंत्रात काही केलं!"

एवढा प्रामाणिक माणूस पाहून लोकांचे डोळे भरून येत.

आत शिरताना प्रत्येकाने उजवा हात कोपरापर्यंत टबात बुडवायचा. त्या पाण्याला हिमजल म्हणत. त्यात बर्फाच्या लाद्या होत्या आणि कोरोनाला थंडी सोसत नाही, असे पैलवान सांगे. हात धुवायला त्या काळात कोण नाही म्हणणार? हात बधिर होईपर्यंत ठेवायचा आणि मग ओल्या हाताने पंख्याखालच्या रांगेत उभे राहायचे. बाबांपुढे गेले की पैलवान यंत्र लावून आकडा पुकारी. "एक्क्याऐंशी!" सगळे हळहळत. मग बाबा तो हात आपल्या शालीखाली गादीवर ठेवून घेत, डोळे मिटत आणि बराच वेळ फुंकर मारत. पुन्हा यंत्र. "सत्त्याण्णव!" टाळ्या.

टाळ्यांनंतर छातीचा आजार असलेल्या भाविकाने आपला तोंडाने ओढायचा श्वासाचा पंप काचेच्या पेटीत टाकायचा. पेटी निम्मी भरली होती.

"छातीचा जुना आजार असलेल्यांनी तर कोरोनाला अजिबात भ्यायचं नाही," बाबा समजावत होते. "तुमच्या छातीत कफ हा जुना भाडेकरू आधीच बसलाय. नवा भाडेकरू राहणार कुठं? जागा आहे का?"

"नाही!" गर्दी म्हणाली.

"मग हे डॉक्टर पंप का देतात? पंप जागा मोकळी करतो! कोरोनाला खोली झाडून देतो!"

"घरमालकालाच... बाहेर काढतोय हा," रांगेतली गादीवाली पुटपुटली.

"अगं, हळू बोल," तिचा नवरा म्हणाला.

"हळूच बोलतेय. जोरात... जमतंय कुठं?"

तिचा जन्म गाद्या भरण्यात गेला होता. नवरा पिंजणयंत्र चालवी, ती खोळीत कापूस भरून टाके घाली. दुकानाला एकच दार. दिवसभर तंतू हवेत तरंगत आणि संध्याकाळी दोघे पांढरे होऊन घरी येत. नवऱ्याने तो कापूस झटकला. तिच्या छातीत तो राहिला. चाळिशीनंतर जिना चढताना धाप लागू लागली आणि छातीच्या डॉक्टरांनी आजार कायमचा असल्याचे सांगून पंप दिला. पंपावर तिचे बरे चालले होते. वाक्ये तेवढी तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडत. टोमण्यांची धार कायम होती, लांबी कमी झाली होती.

गेल्या आठवड्यात नवऱ्याने तो पंप उचलून बाबांच्या पेटीत टाकला होता. माणूस वाईट नव्हता. बाबांची गादी त्यानेच शिवली होती आणि तेव्हापासून आपला देवाघरी वशिला लागल्यासारखा तो चालत असे. आता तिला तीन दिवस ताप होता, खोकला थांबत नव्हता. इस्पितळात नेलेले माणूस परत येत नाही, असे सगळे म्हणत, आणि खरे सांगायचे तर तिलाही तीच भीती होती. म्हणून बाबांवर काडीचा विश्वास नसताना ती रांगेत उभी होती.

"हात नीट बुडव. कोपरापर्यंत," नवरा म्हणाला.

"मासे... धरायचेत का?"

त्याने स्वतःच तिचा हात खाली दाबला.

बाबांपुढे बसेपर्यंत तिला बोटे जाणवेनाशी झाली. पैलवानाने यंत्र लावले. आकडा उमटायलाच वेळ लागला.

"पंच्याहत्तर!"

एवढा खालचा आकडा दालनाने ऐकला नव्हता. नवरा रडायला लागला. बाबांच्या चेहऱ्यावर मात्र सणासुदीचा आनंद दिसला. त्यांनी तिचा हात शालीखाली घेतला आणि लांब फुंकर सुरू केली. गादी छान ऊबदार होती. बोटांत मुंग्या आल्या, जीव आला.

"ओठांचा चंबू कर, बाई. हळूहळू श्वास सोड," बाबा म्हणाले.

हे तर मला डॉक्टरांनी शिकवलंय, तिला वाटले. मास्क घालून.

"चौऱ्याऐंशी!" पैलवान गर्जला. "नवानं वाढला!"

दालन टाळ्यांनी दणाणले. नवरा हात जोडून वाकला. तिने समोरच्या आरशात पाहिले. मास्क गळ्यात आला होता आणि ओठ जांभळे पडले होते. दालनातली आणि आरशातली मिळून दोनशे माणसे त्या ओठांसाठी टाळ्या वाजवत होती.

"थांबा," मागून कुणीतरी म्हणाले.

दोन-दोन मास्क लावलेली एक किडकिडीत बाई पुढे आली. गादीवालीने डोळ्यांवरून ओळखले. तिच्या छातीच्या डॉक्टर. पंप सोडलेले पेशंट एकामागून एक धापा टाकत इस्पितळात येऊ लागले, तेव्हा आपण दिलेले पंप जातात कुठे, ते बघायला त्या आल्या होत्या. त्यांनी गादीवालीला पुढे वाकवून बसवले, तिचा मास्क वर केला, फोनवर रुग्णवाहिका बोलावली आणि मग नवऱ्याकडे वळल्या.

"काका, काकूंचा आकडा माझ्याकडे नेहमी किती यायचा?"

"एक्क्याण्णव."

"आता किती?"

"चौऱ्याऐंशी. नवानं वाढला ना, डॉक्टर!"

"एक्क्याण्णवाचा चौऱ्याऐंशी झालाय. सातानं पडलाय. तुम्ही पडण्याला टाळ्या वाजवताय."

"आणि पंच्याहत्तर?" बाबा कडाडले. "सगळ्यांनी ऐकला!"

"ऐकला. तो बर्फाचा आकडा होता. पैलवानदादा, तुम्ही टबात हात घाला."

"मी कशाला? मी ठणठणीत आहे."

"म्हणून तर."

पैलवान बाबांकडे बघू लागला, पण गर्दीला आता नवा खेळ दिसत होता. चार जणांनी त्याचा हात टबात धरून ठेवला. बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी त्याच्या बोटाला यंत्र लावले आणि माईक उचलला.

"ब्याऐंशी."

"अरेरे!" दालन सवयीने हळहळले.

पैलवानाचा रंग उडाला. "बाबा, मला... मला खरंच धाप लागतेय हो!"

"काही होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बोट गार पडलं की त्यात रक्त कमी येतं. मग यंत्राला नीट दिसत नाही. कधी आकडाच येत नाही, कधी खोटा खालचा येतो. ऊब मिळाली की खरा येतो. पण इथे ऊब येते कुठून, तेवढं मला कळलं नाही."

"गादी," गादीवाली म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. ती श्वास गोळा करत होती. "गादी तापलीय. कापूस... आपला आपण... तापत नाही."

नवरा उठला. बाबांनी सांगितल्यावरून त्या गादीला बगलेत एक कप्पा त्यानेच शिवला होता. ग्रंथ ठेवायला, असे बाबा म्हणाले होते. त्याने शाल बाजूला केली, कप्प्यात हात घातला आणि शेकायची रबरी पिशवी बाहेर ओढली. आत गरम पाणी डुचमळत होते.

"हाच का ग्रंथ?" त्याने विचारले.

"ऊब हेसुद्धा ऊर्जेचंच रूप आहे!" बाबा म्हणाले. पण माईक डॉक्टरांच्या हातात होता.

डॉक्टरांनी पैलवानाचा हात पुसून पिशवीवर ठेवला. थोड्या वेळाने त्याच यंत्रावर अठ्ठ्याण्णव आले.

"फुंकर कुणी मारली?" त्यांनी विचारले. "निरोगी माणसाचा खरा आकडा सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव असतोच. बाबा तो आधी बर्फात लपवतात आणि नंतर काढून दाखवतात. काकूंचा खरा आकडा चौऱ्याऐंशी आहे. तो वर नेण्याइतकी ऊब यांच्याकडे नाही."

"पण जागा नसते, असं बाबा..." एक म्हातारा चाचरत म्हणाला.

"आजोबा, कोरोना भाडं ठरवून राहायला येत नाही, तो दरोडा घालतो. धडधाकट छातीला थोडं नुकसान सोसतं. जुन्या आजारात नळ्या आधीच अरुंद, फुफ्फुसं आधीच झिजलेली. तिथे थोड्याशानंही माणूस गंभीर होतो. आणि तुम्ही दाराची कडी काढून या पेटीत टाकलीत."

तेवढ्यात रुग्णवाहिका आली. आतल्या माणसाने दारातूनच विचारले, "ताप किती दिवस?"

"तीन दिवस," नवरा म्हणाला.

जी गर्दी एरवी पोलिसांनी हाकलूनही हटत नसे, ती या दोन शब्दांनी हटली. बाबांच्या फुंकरीने कोरोना पळतो, असे मानणारे सगळे भाविक कोरोनाच्या आधी पळाले. पहिल्या पाचांत बाबा होते, अनवाणी.

"डॉक्टर," गाडीत गादीवालीने विचारले, "परत... येईन?"

"आज निघालात म्हणून शक्यता चांगली आहे. आणखी दोन दिवस टाळ्या वाजवल्या असत्या तर सांगता आलं नसतं."

इस्पितळात तिला ऑक्सिजन लावला, तोही मोजून, कारण अशा छातीला वाटेल तितका देऊन चालत नाही. काही रात्री ती डोळेही उघडेना, म्हणून वॉर्डाच्या काचेबाहेर उभा असलेला नवरा पार खचला. मग एका सकाळी तिने हात हलवून त्याला दाढी कर म्हणून खुणावले, तेव्हा तो खाली बसून ढसाढसा रडला. ती घरी आली, पण पूर्वीसारखी नाही. स्वयंपाकघरापर्यंत जाताना आता एकदा टेकावे लागे. पिंजणयंत्र नवऱ्याने दुकानातून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवले.

भेटायला शेजारची इस्त्रीवाली आली. दारातच बसली.

"काही म्हणा, काकू, बाबांनी फुंकर मारली होती म्हणूनच वाचलात."

गादीवालीने पंप तोंडाला लावला, ओढला, थांबली. तिच्याकडे श्वास मोजका होता, पण हे पूर्ण सांगायचेच, असे तिने ठरवले.

"बाई, मी वाचले औषधानं आणि वेळेवर गेले म्हणून. आकडा वाढला की टाळ्या वाजवू नकोस. का वाढला ते विचार. कोणी फुंकरीनं बरं करतो म्हणाला, तर त्याला दोनदा विचार. एवढंच." तिला धाप लागली. "तुझ्या... सासऱ्यांचा दमा कसाय?"

"बरा आहे की. पंप नाही घेत आता. तो पेटीतच..."

"नेहमीचा आकडा... माहितीय त्यांचा?"

"नाही."

"अहो!" गादीवालीने आत हाक मारली. "चप्पल घाला. हिच्या सासऱ्यांना... डॉक्टरांकडे न्यायचंय."

"उद्या सकाळी नेतो की," आतून नवरा म्हणाला.

"आत्ता," ती म्हणाली.