दुसऱ्याच्या नावावरचं फोल्डर

या, जरा जवळ सरकून बसा. एका बहिणीने कसा डूख धरला आणि कसं उट्टं काढलं, ते ऐका. देवाला स्मरून सांगायचं तर यात एक शब्द पदरचा नाही.

नकाशे बनवणारं एक ऑफिस होतं. ताई आणि तिचा धाकटा भाऊ, दोघेही तिथेच नोकरीला. विमानातून काढलेले जमिनीचे फोटो दूरच्या एका सर्व्हरवर साठवायचे. तिथे नवं फोल्डर हवं असलं की वेबवरून एक ओळ धाडायची: फोल्डर कुठे हवं ते, आणि शेवटी मागणाऱ्याचं नाव. सर्व्हर म्हणायचा 'झालं', आणि फोल्डर त्या नावावर चढायचं.

एक दिवस धाकट्याच्या नावावरच्या फोल्डरात गिऱ्हाइकांचे गुप्त नकाशे सापडले, बाहेर विकायला काढलेले. तो शपथा घेत राहिला. विभागाचे साहेब ऑफिसच्या मालकीणबाईंना म्हणाले, "सर्व्हर खोटं बोलत नाही, मॅडम. ज्याच्या नावावर फोल्डर, त्यानेच ते बनवलं. दुसऱ्या कुणाला ते शक्यच नाही."

धाकट्याला त्याच दुपारी हाकललं. तेव्हापासून तो खोलीबाहेर येईना. दाढी वाढली, ताट दाराशीच निवायचं. गल्ली आपल्या पोराला चोर म्हणते, या दुःखाने आई खंगली.

ताईने मात्र नोकरी सोडली नाही. पोटात निखारा घेऊन ती साहेबांना रोज हसून 'गुड मॉर्निंग' करायची. माणसाने नाव घ्यावं ते देवाचं; हिच्या मनात उठता-बसता भावाचं. त्यातच एकदा हात चुकला. फोल्डर मागताना स्वतःच्या नावाच्या जागी तिने भावाचं नाव लिहिलं. पासवर्ड नाही, चौकशी नाही. सर्व्हर मुकाट म्हणाला, झालं. हाकललेल्या माणसाच्या नावावर नवंकोरं फोल्डर!

ताईने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग ती हसली. ते हसू काही चांगलं नव्हतं.

पुढच्या मीटिंगला सगळे जमले. ताईने लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला आणि एक ओळ धाडली. फोल्डर उमटलं: 'चोरीचा माल'. मालक: साहेब.

"साहेब, हे कधी बनवलंत?"

"मी? अहो, मी इथे हात बांधून बसलोय!"

"पण सर्व्हर खोटं बोलत नाही ना?"

दुसरं उमटलं: 'आणखी माल'. तिसरं: 'विकायचं राहिलेलं'. कोपऱ्यातला ड्राफ्ट्समन खुदकन हसला. साहेब लालबुंद झाले.

"हा हिचा चावटपणा आहे, मॅडम! त्या ओळीत नाव कुणाचंही लिहिता येतं. कुणीही लिहील!"

मालकीणबाईंनी चष्मा काढला. "कुणीही? हे तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं: नकाशे त्यांनीच विकले होते, बोट आपल्याकडे वळायच्या आत धाकट्याच्या नावावर फोल्डर बनवून त्याला पुढे केलं होतं. "ताई, मला मुलंबाळं आहेत हो," ते रडत म्हणाले.

ताईला दया आली नाही. तिने त्यांच्या नावावर आणखी एक फोल्डर बनवलं: 'माझ्या भावाची झोप'.

घरी येऊन तिने भावाचं दार ठोठावलं आणि बाहेरूनच सगळं सांगितलं. आतून भावाचा आवाज आला.

"ताई, तो रडला का गं?"

"ढसाढसा."

"परत सांग. पहिल्यापासून."

आणि कडी निघाली.

रात्री देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या धाकट्याचीही आठवण ठेवा. चार माणसांत बसायला तो अजून बिचकतो.