मामीच्या फळासाठी साफ केलेली वाट

सेनाइदा मामी मंगळवारी गेली, फळ न खाताच. हे वाक्य तूर्त विसरा. मामी चुलीपाशी बसली आहे, मक्याच्या तोर्तिया थापते आहे आणि एलिहिओमामाला टोमणे मारते आहे.

"लग्नात कबूल केलेलं फळ कुठाय रे?"

"झाड मादी आहे. आसपास नर नाही, तर मी काय करू?"

"तू आहेस ना नर! जा, उभा राहा शेजारी."

मामा खरंच जाऊन उभा राहिला. परसातलं ते झाड पपईच्याच कुळातलं, पण अंगभर खाजरी लव. मामा सुजलेला हात घेऊन परत आला. मामी खोकता खोकता हसली. हल्ली हसणं कमी आणि खोकला जास्त असायचा. लहानपणी एकदा खाल्लेलं ते फळ तिला जाण्याआधी पुन्हा हवं होतं, इतकंच.

अखेर वरच्या कड्यावर, ढगांतल्या रानात, मामाला नर सापडला. कळ्यांनी लगडलेला. पण वाट झुडपांनी बुजलेली. एकदा तो रांगत गेला. फुलं आल्यावर पराग आणायला रोज रांगणं गुडघ्यांना मंजूर नव्हतं. म्हणून त्याने गावसभेत हात वर केला: तेकिओ लावा, वाट मोकळी करा.

तेकिओ म्हणजे गावासाठी बिनपैशाची मेहनत. एरवी लोक कुरकुरत येतात. मामीसाठी सगळे आनंदाने आले, आणि तिथेच घात झाला. वाट अशी साफ केली की गावचा बँड वाजवत वर जावा.

मामा मागून पोचला, तेव्हा गावातला आबुंदिओ कोयता पुसत होता. "काका, टोकाला एक भलतं खाजरं झाड होतं. तुम्हाला डसायला नको, म्हणून मुळासकट उपटलं. खांडोळी करून टाकली!"

मामाने रीतीप्रमाणे सगळ्यांना मेझकालची दारू पाजली. मग बंद कळ्या टोपीत घेऊन उतरला. मामीने त्या कपभर पाण्यात ठेवल्या. त्या काळ्या पडत गेल्या.

"उमलतील," मामा म्हणाला.

"हो, आणि तुला मिशी फुटेल."

मग तो मंगळवार आला, जो आपण विसरलो आहोत.

काल मामाने सांगितलं आणि मी लिहिलं: "माननीय अध्यक्ष, गावसभा, यांस. पुढील तेकिओत सदर झाड मूळ जागी, मूळ कळ्यांसह उभे करण्यात यावे. फळ पिकेपर्यंत श्रीमती सेनाइदा यांना चुलीपाशी पूर्ववत बसवण्यात यावे. गावकऱ्यांनी कोयते घरी ठेवून यावे, ही विनंती."